अधरांगघातग्रस्त माजी सैनिकांची दीर्घकालीन परिचर्या

सुश्रुताचार्यांनी युक्तसेनीय अध्यायात सेनेसमवेत असणाऱ्या वैद्याची कर्तव्ये सांगितली आहेत. शारीरस्थानात १०७ मर्मांपैकी ४४ वैकल्यकर मानली असून, त्यांतील कुकुंदर मर्मावरील आघाताने अधःकायातील स्पर्शज्ञान व चेष्टा नष्ट होतात असे वर्णिले आहे. गोळीने वा स्फोटाने पृष्ठवंशातील मज्जारज्जू दुखावलेल्या सैनिकाची अवस्था अशीच असते. घाव भरतो; परिचर्या मात्र आजन्म चालते.

पुण्यात या कार्याची परंपरा आहे. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ मध्ये, तर खडकीचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ मध्ये सुरू झाले. १९६५ च्या युद्धात जायबंदी झालेले मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ च्या हायडेलबर्ग पॅरालिम्पिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक मिळविले. तथापि अनेक जवान पुढे आपल्या गावीच राहतात आणि अभ्यंग, स्वेदन व बस्तीच्या अपेक्षेने आपल्याकडे येतात. अशा वेळी पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, असे आम्हांस वाटते.

स्वेदन : शीत व शूल यांचे शमन आणि स्वेदप्रादुर्भाव ही सम्यक् स्वेदनाची लक्षणे होत. सुप्त अंगात रुग्णाला शीत, शूल वा दाह कळत नाही. आघाताच्या पातळीखाली घामही यथोचित येत नाही. म्हणजे शास्त्राने दिलेली मोजपट्टीच येथे निकामी ठरते. पोटली वा नाडीस्वेदाने त्वचा भाजली तरी रुग्ण तक्रार करणार नाही. म्हणून सुप्त भागावर उष्ण स्वेद टाळावा, हेच श्रेयस्कर.

अभ्यंग : कोमट तेलाने मृदू अभ्यंग करून तेल पूर्ण टिपून घ्यावे. त्रिकास्थी, बैठकीची हाडे, कटिपार्श्व व टाचा रोज पाहाव्यात. दाबूनही न जाणारी लाली हा शय्याव्रणाचा आरंभ होय; तेथे मर्दन करू नये. अंथरुणात साधारण दर दोन तासांनी कूस बदलावी, चाकाच्या खुर्चीत वरचेवर भार हलका करावा. एका पायाची पोटरी अकस्मात सुजून उष्ण झाल्यास शिरेत रक्ताची गाठ असण्याची शंका घ्यावी; अभ्यंग वर्ज्य करून रुग्णास रुग्णालयात पाठवावे.

बस्ती : येथे वेगाची जाणीव नसते, त्यामुळे बस्तिद्रव्य परत आले की नाही हे परिचारकानेच पाहावे लागते. आघात वक्षाच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर वा त्याच्या वर असल्यास मलाशय अथवा मूत्राशय ताणला जाऊन रक्तदाब एकाएकी प्राणघातक पातळीपर्यंत वाढू शकतो. तीव्र शिरःशूल, चेहरा लाल होणे, आघाताच्या वरच्या भागात घाम व मंद नाडी ही त्याची लक्षणे. अशा वेळी उपक्रम तत्काळ थांबवावा, रुग्णास बसते करावे, वस्त्रे सैल करावीत, मूत्रनलिका तुंबली आहे का ते पाहावे आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. अशा रुग्णांत बस्तीचा निर्णय त्यांच्या उपचारक तज्ज्ञांशी विचारविनिमय करूनच घ्यावा.

सारांश, जेथे रुग्णाची संवेदना मूक होते, तेथे वैद्याचे डोळे व हात यांनीच तिची जागा घ्यावयाची असते. गेलेली चेष्टा परत आणण्याचे आश्वासन देऊ नये. व्रणरहित त्वचा, निर्मळ मूत्रमार्ग, नियमित कोष्ठ आणि स्वतःच्या हातांनी चालविलेला दिनक्रम एवढे त्या जवानाला लाभले, तरी आपले कर्तव्य पुष्कळ अंशी पार पडले असे आम्ही मानतो.