सॅलडचं गणित

सेकंड इयरला असताना मी रात्रीची मेस सोडून फक्त सॅलडवर राहायचं ठरवलं. दोन महिन्यांनी काट्यावर उभा राहिलो तर वजन दीड किलोने वाढलेलं! रूम पार्टनर पोट धरून हसला.

मग वही काढून हिशेब मांडला. १ ग्रॅम स्निग्धांशात ९ कॅलरी. प्रथिनं आणि कर्बोदकांत ४-४. मेयोनीज म्हणजे मुख्यतः तेलच, एका टेबलस्पूनमध्ये साधारण ९०. मी रोज चार टेबलस्पून घालायचो, म्हणजे ३६०. खालच्या काकडी-टोमॅटोत मात्र जेमतेम ५०!

उत्तर घरच्या कोशिंबिरीत होतं. तेवढ्याच साध्या दह्यात सुमारे ४० कॅलरी. त्यात लिंबू, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरपूड आणि कोथिंबीर घालून फेटायचं. गॅस नको, हीटर नको. मीठ मात्र खाताना घाला, नाहीतर काकडीला पाणी सुटतं.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. बाटलीवरच्या 'लो फॅट'ला भुलू नका. साखर-मीठ किती ते बघा, आणि आकडे १०० ग्रॅमचे की एका चमच्याचे तेही. दुसरं, स्निग्धांश पूर्ण बंद करू नका. गाजर-टोमॅटोतलं कॅरोटीन अंगी लागायला तो थोडा लागतोच. चमचाभर दाण्याचं कूट पुरे.

हल्ली मी मेसमध्ये पोळीभाजीबरोबर वाटीभर दही मागून घेतो. मावशी विचारतात, "काय रे, डाएट संपलं का?"

"नाही मावशी, आत्ता कुठे सुरू झालंय!"