नदीतले जंतू औषधाला का जुमानत नाहीत?

मागच्या महिन्यात एक गृहस्थ आपल्या आईला घेऊन दवाखान्यात आले. लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप. नेहमीच्या गोळ्यांनी ताप हटेना, म्हणून लघवी कल्चरला पाठवली. अहवालात आठ औषधांपैकी सहांपुढे 'रेझिस्टंट' असा शेरा! गृहस्थ म्हणाले, "डॉक्टर, आईने वर्षभरात अशी एकही गोळी घेतलेली नव्हती. मग हे जंतू आले कुठून?"

आजींना ते नेमके कुठून लागले, हे सांगता येत नाही. पण असे जंतू पोसले जाण्याचे एक ठिकाण म्हणजे दूषित नदी.

हैदराबादजवळ पाटणचेरू येथे औषधांचे बरेच कारखाने आहेत. सुमारे ९० कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या तिथल्या केंद्रातून बाहेर पडणारे पाणी स्वीडनच्या शास्त्रज्ञांनी तपासले. २००७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका लिटरमध्ये सिप्रोफ्लॉक्सासिन हे औषध ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. गोळी घेतलेल्या रुग्णाच्या रक्तातही ते इतके नसते!

अशा पाण्यात साधे जंतू मरतात, औषध पचवणारे उरतात. ही विद्या ते शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देतात.

कारखान्यांच्या पाण्यातून पारा, तांबे, जस्त हे धातूही येतात. औषध कालांतराने विरते, धातू मात्र नदीच्या गाळात वर्षानुवर्षे राहतात. धातू सोसण्याचे आणि औषध पचवण्याचे गुण जंतूंमध्ये पुष्कळदा एकत्रच असतात. घराची आणि कपाटाची किल्ली एकाच जुडग्यात असली, की एकीबरोबर दुसरीही सांभाळली जाते, तसेच हे. म्हणून पाण्यात औषध नसले तरी धातूमुळे असे जंतू टिकून राहतात.

मग आपण काय करावे?

पिण्याचे पाणी खळखळ उकळावे. औषधाला न जुमानणारे जंतूही उकळत्या पाण्यात मरतात. मात्र उकळल्याने धातू जात नाहीत, म्हणून कारखान्याचे पाणी मिसळणाऱ्या नदी-नाल्याचे पाणी उकळूनही पिऊ नये. शौचानंतर व जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत. साध्या सर्दी-पडशाला अँटिबायोटिक मागू नये. उरलेल्या गोळ्या शेजाऱ्याला देऊ नयेत, गटारात किंवा नदीत तर मुळीच टाकू नयेत.

त्या आजी उरलेल्या दोनपैकी एका औषधाने बऱ्या झाल्या. वाचकहो, ती दोन तरी आपण टिकवली पाहिजेत.