कापरेकरांचा लूप किती वेळा फिरेल?

संगणकाच्या तासाला मुलं प्रोग्राम लिहितात, आपण दोन-चार संख्या देऊन बघतो आणि उत्तर जुळलं की वहीवर बरोबरची खूण करतो. पण उत्तर काढायला प्रोग्राम किती फेऱ्या घेतो, किती मेमरी खातो आणि प्रत्येक वेळी तो थांबतोच का, हे आपण सहसा विचारत नाही. संगणकशास्त्रात यावर एक अख्खी शाखा उभी आहे. प्रोग्राम चालवून बघण्याऐवजी, तो वेळ आणि मेमरी जास्तीत जास्त किती वापरेल हे गणिताने सिद्ध करायचं, असं तिचं काम. ऐकायला जड वाटतं, पण आठवीच्या वर्गात शिकवता येतं. त्यासाठी उदाहरणही आपल्याच एका शिक्षकाचं आहे.

नाशिकजवळच्या देवळालीत शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ मध्ये एक गंमत मांडली. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लिहा, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करा, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४. यापुढे कितीही वेळा करा, ६१७४ च येणार.

आता मुलांना सांगा, "६१७४ येईपर्यंत फिरणारा व्हाइल लूप लिहा." बहुतेक जण पटकन लिहितील. ३५२४ दिली, तीन फेऱ्यांत थांबला. २००५ दिली, सात फेऱ्यांत थांबला. मग वर्गातल्या कुणाला तरी २१११ द्यायला सांगा. २१११ − १११२ = ९९९. इथे पुढे शून्य लावून ०९९९ असं धरायला हवं. ज्याने ते केलं नाही त्याचा प्रोग्राम ९९९ − ९९९ = ० करेल, मग ० − ० = ०, आणि असाच फिरत बसेल. उत्तर चुकलं असं तो सांगणारही नाही, नुसता हँग.

हे किती संख्यांच्या बाबतीत घडेल, तेही मोजता येतं. चार अंकांपैकी तीन सारखे आणि चौथा त्यापेक्षा एकने कमी किंवा जास्त असेल तरच ९९९ येतो. १००० ते ९९९९ मध्ये अशा संख्या ६८. सगळे अंक सारखे असलेल्या ९ संख्या वगळायला मूल विसरलं, तर त्या धरून ७७. म्हणजे ९००० पैकी ७७, शंभरात एकही नाही! दहा संख्या उचलून तपासल्या, तर दहाही पास होण्याचीच शक्यता जास्त. चाचणी आणि सिद्धता यांतला फरक मुलांना इथे जितका स्पष्ट दिसतो, तितका व्याख्येतून दिसत नाही.

मुलाने प्रत्येक उत्तर यादीत साठवायचं ठरवलं असेल, तर मामला आणखी गंभीर. बरोबर प्रोग्राममध्ये सुरुवातीची एक आणि जास्तीत जास्त सात, अशा आठच संख्या साठतात, कारण कुठलीही संख्या सात फेऱ्यांच्या आत ६१७४ ला पोचते. चुकलेल्या प्रोग्राममध्ये मात्र यादी वाढतच जाते आणि शेवटी मेमरी संपते.

शाळेच्या लॅबमध्ये आपण संगणक बंद करून चालू करतो. मंगळावर ते कोण करणार? नासाची स्पिरिट गाडी जानेवारी २००४ मध्ये मंगळावर उतरली आणि अडीच आठवड्यांतच तिचा संगणक पुन्हा पुन्हा आपोआप सुरू होऊ लागला. फाइली साठत गेल्या होत्या, त्यांची यादी ठेवायला लागणारी मेमरी पुरेना. प्रत्येक वेळी सुरू होताना तो तीच यादी उघडायला जाई आणि पुन्हा अडके. अभियंत्यांनी पृथ्वीवरून आज्ञा पाठवून त्या फाइली बाजूला ठेवल्या, जुन्या पुसल्या, तेव्हा गाडी वाचली. नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या जेरार्ड होल्झमन यांनी २००६ मध्ये सुरक्षित प्रोग्रामसाठी दहा नियम छापले. त्यांतले दोन आपल्या वर्गात लावण्यासारखे आहेत: प्रत्येक लूपला ठरलेली कमाल मर्यादा हवी, आणि प्रोग्राम एकदा सुरू झाल्यावर नवी मेमरी मागायची नाही.

नियम इतके कडक का? कुठलाही प्रोग्राम दिला तरी तो थांबेल की नाही हे नेमकं सांगणारी एकच सर्वसाधारण रीत असू शकत नाही, हे अ‍ॅलन ट्युरिंगने १९३६ मध्येच सिद्ध केलं. म्हणून प्रोग्रामच असा लिहायचा की त्याची सिद्धता देता येईल. मुंबईच्या आयआयटीत आणि पुण्याच्या टीआरडीडीसी या टाटांच्या संशोधन केंद्रात प्रोग्रामच्या पडताळणीवर बरंच काम झालं आहे. नागपूरच्या मुलांना हे मुद्दाम सांगा, बरं का. हे सगळं अमेरिकेतच चालतं असं त्यांना वाटतं.

आता फळ्यावर करायची सिद्धता. चार अंकी प्रकार हाताने लांबतो, म्हणून तीन अंकी घ्या. तिथे ४९५ येते. सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान अंक यांतला फरक १ ते ९ पैकी काहीतरी असणार, आणि वजाबाकी नेहमी त्या फरकाची ९९ पट येते, कारण मधला अंक कटतो. म्हणजे पहिल्या फेरीनंतर नऊच शक्यता: ०९९, १९८, २९७, ३९६, ४९५, ५९४, ६९३, ७९२, ८९१. सुरुवात कुठूनही झाली तरी याबाहेर जाता येत नाही. या नऊ संख्या फळ्यावर लिहा आणि कुठली कुठे जाते याचे बाण मुलांकडून काढून घ्या. ०९९ आणि ९९० चे अंक तेच, म्हणून पुढे ८९१. तिथून ७९२, ६९३, ५९४ आणि ४९५. हाच सर्वांत लांब रस्ता, पाच बाणांचा. त्यात पहिली फेरी मिळवली की सहा. १९८ थेट ७९२ ला मिळते, २९७ ही ६९३ ला, ३९६ ही ५९४ ला. सगळे बाण काढून होईपर्यंत एक तास पुरतो. मग मुलांना विचारा: यात पुढचं शून्य विसरलं तर प्रोग्राम कुठल्या संख्यांवर अडकेल, आणि अशा संख्या किती?