आजीचा प्रश्न आणि सहा किलोमीटरची त्रिज्या

आधीच सांगतो, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत सांभाळून घ्या. विषय मात्र आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे: मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन. लांबी ५०८ किलोमीटर, स्टेशनं बारा, वेग ताशी ३२०. सप्टेंबर २०१७ मध्ये भूमिपूजन झालं, तेव्हा शाळेत आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या. नंतर कळलं, की मार्ग आमच्या पालघरच्या चिकूवाडीतून जातो.

सुट्टीत घरी गेलो तर आजीनं विचारलं, "तू इंजिनिअर होतोयस ना? मग सांग, एवढे मोठे लोक, त्यांना रूळ जरासा बाजूनं नेता येत नाही?"

मी हसलो. मग रात्री वही घेऊन बसलो.

सिव्हिलवाल्यांना माहीत आहे, वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवतात. हा चढ आणि वेग यांवरून त्रिज्या निघते: रुळांमधलं अंतर गुणिले वेगाचा वर्ग, भागिले १२७ गुणिले चढ. स्टँडर्ड गेजला रुळांच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर सुमारे १५०० मिलिमीटर. चढ २०० धरला (यातला थोडा प्रत्यक्षात देत नाहीत, तेवढा झोक प्रवाशाला जाणवतो), तर ३२० च्या वेगाला त्रिज्या येते साधारण ६००० मीटर. १०० च्या वेगाला तेच उत्तर ५९० च्या आसपास. वेग सव्वातीनपट, त्रिज्या दहापट! वर्गाची ही गंमत परीक्षेत कधी जाणवली नव्हती.

आता आजीचं "जरासं". समजा रूळ १०० मीटर बाजूला सरकवायचा. त्यासाठी एक उलटसुलट वळण लागतं, प्रत्येक अर्ध्यात ५० मीटर. एका अर्ध्याची लांबी म्हणजे २ × ६००० × ५० चं वर्गमूळ, म्हणजे ७७५ मीटर. असे दोन बाहेर जायला, दोन परत यायला: तीन किलोमीटरच्या वर. वळणाच्या सुरुवातीचा हळूहळू वळणारा भाग तर मी धरलाच नाही. साध्या गाडीला हेच काम एक किलोमीटरच्या आत होतं.

मग वळण घट्ट ठेवून वेग कमी का करू नये? जपाननं १९६४ मध्ये तोक्यो-ओसाका मार्ग २१० च्या वेगानं सुरू केला, वळणं २५०० मीटरची. पुढे गाड्या सुधारल्या, वळणं तिथेच राहिली. आज डबे थोडे झुकवूनही त्या मार्गावर वेग २८५ च्या पुढे जात नाही. एकदा टाकलेली वळणं पुढच्या पिढ्यांना भोगावी लागतात.

बहुतेक मार्ग खांबांवरून असल्यानं पट्टा साडेसतरा मीटरच लागतो, हे खरं. पण चिकूची झाडं दहा-दहा मीटरवर असतात. म्हणजे आजोबांनी लावलेल्या दोन ओळी.

सकाळी आजीला अंगणात दोरी टाकून दाखवलं. तिनं शांतपणे पाहिलं. मग म्हणाली, "म्हणजे आपली वाडी वाचवायची तर तीन किलोमीटरमध्ये जे कोणी आहेत, त्यांच्यावरनं जाणार?" नकाशात बघितलं. तिथे एक पाडा होता, पंधरा-वीस घरांचा.

"मग कुठल्या दोन ओळी, ते सांग," आजी म्हणाली.

ते मात्र मला वहीवरून सांगता आलं नाही.