गाडीचं ऑइल सील घरी बदलताना

मैत्रिणींनो, दुधाचे कॅन, भाजीचे क्रेट, बँकेचा भरणा ज्या मोटरसायकलवर चालतो, तिच्याखाली सकाळी ऑइलचा डाग दिसला तर नुसता पुसून पुढे जाऊ नका. 100 सीसीच्या गाडीत ऑइल जेमतेम लिटरभर असतं. ते थेंबथेंब संपलं की इंजिन जाम होतं आणि खर्च हजारांत जातो. सील मात्र शंभराच्या आत मिळतं.

डाग डाव्या बाजूला, चेनच्या पुढच्या छोट्या चाकाखाली असेल तर तिथलं सील बघा. इंजिन गार झाल्यावर जागा डिझेलने धुवा, कोरडी करा, कव्हर लावून गावात एक फेरी मारा. मग कव्हर काढून पुन्हा बघा. चेनचं उडालेलं तेल घट्ट, मातकट असतं. शाफ्टभोवती पातळ ओल दिसली तर सीलच गेलंय.

हे काम ऑइल बदलायच्या दिवशीच करा, म्हणजे ऑइल वाया जात नाही. गाडी डबल स्टँडवर घ्या. आधी गिअर टाकून एकीने मागचा ब्रेक दाबून धरायचा, दुसरीने छोट्या चाकाचे बोल्ट सैल करायचे. मग चेन सैल करून चाक काढा. गिअरचा दांडा काढताना त्याची जागा खडूने खुणावून ठेवा.

आता जपून. जुनं सील स्क्रू ड्रायव्हरने उचकटताना टोक शाफ्टला लागू देऊ नका. शाफ्टवर चरा पडला की नवं सीलही गळणार. जुन्या सीलवर तीन आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. दुकानात जुनं सीलच घेऊन जा. काही इंजिनांत सील आतून अडकवलेलं असतं. सहज हललं नाही तर थांबा, ते मेकॅनिकचं काम.

नवं सील बसवण्याआधी शाफ्ट धरून वर-खाली हलवा. खडखडला तर बेअरिंग गेलंय, नुसतं सील टिकणार नाही. (चेन फार ताणून ठेवली की बेअरिंगवर असाच ताण येतो. मधोमध साधारण इंचभर ढिलाई हवी.) शाफ्टच्या दात्यांवर दुधाच्या पिशवीचा तुकडा गुंडाळा, सीलच्या ओठाला ऑइल लावा. स्प्रिंगची बाजू आत, इंजिनकडे. सीलच्या बाहेरच्या कडेएवढ्या पाइपच्या तुकड्याने चारी बाजूंनी हलक्या ठोक्यांनी बसवा; जुनं जितकं आत होतं तितकंच.

पिशवी काढून सगळं परत जोडा. चेनलॉकची क्लिप काढली असेल तर तिची बंद बाजू चेन धावते त्या दिशेला हवी. टायरवर ऑइल उडालं असेल तर साबणाने धुतल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. ऑइल भरा, खुणेच्या वर नको. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली पुठ्ठा ठेवून बघा.