सुलभ प्रत, मूळ गीत

प्रश्न : ‘जॉर्जिया ऑन माय माइंड’ची पियानोसाठी सुलभ केलेली प्रत मिळाली, पण ती सी मेजरमध्ये आहे. मी भलतेच गाणे तर शिकत नाही ना?
— एक वाचक, पुणे

उत्तर : निश्चिंत असावे. होगी कारमायकेल यांच्या १९३०च्या या रचनेत रे चार्ल्स यांनी १९६० साली जो नवा प्राण फुंकला, तो पट्टीवर अवलंबून नव्हता. पट्टी बदलली तरी स्वरांतील परस्परांतरे कायम राहतात आणि नवशिक्याच्या बोटांचा जाच तेवढा कमी होतो. मात्र आरंभीच येणाऱ्या ई सेव्हन कॉर्डमधला जी शार्प आपल्या प्रतीत शाबूत आहे, याची खातरजमा अवश्य करावी. गीताची व्याकुळता मला तरी त्याच स्वरात एकवटलेली वाटते. तूर्त डाव्या हाताने कॉर्डचा केवळ मूळ स्वर धरावा आणि उजव्याने चाल संथ वाजवावी.