सुई टोचण्याआधी आणि टोचल्यानंतर

अ‍ॅलर्जीच्या तपासणीची तारीख घेशील, पण त्याआधी एक वही कर, पोरी. बाळाने काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळाने काय झालं आणि ते किती वेळ टिकलं, एवढं त्यात लिहीत जा. अंगावर गांधी उठल्या की लगेच मोबाइलवर फोटो काढ. दवाखान्यात पोहोचेपर्यंत त्या मावळतात आणि डॉक्टरांना काहीच दिसत नाही. लहान मुलांच्या ओपीडीत सिस्टर म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली. चांगला डॉक्टर सुईला हात लावण्याआधी आईला प्रश्नच विचारत बसतो, हे मी रोज पाहिलंय.

वेळ लिहायची ती अशासाठी. खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत ओठ सुजले, गांधी आल्या, उलटी झाली, तर त्यामागे बहुधा आयजीई नावाची प्रतिपिंडं असतात आणि ती कातडीवरच्या किंवा रक्ताच्या तपासणीत सापडतात. पण एक ते चार तासांनी उलट्यांवर उलट्या होऊन मूल पांढरं पडत असेल, गळून जात असेल, तर तो प्रकार निराळा. त्यात या दोन्ही तपासण्या बहुतेक वेळा निगेटिव्ह येतात. मग घरचे निर्धास्त होतात आणि तोच घास पुन्हा भरवतात. म्हणून घड्याळ बघून लिही.

आणि पदार्थाचं नुसतं नाव लिहू नकोस, आत काय पडलं ते लिही. आपल्या घरात दाण्याचं कूट कशात नसतं? खिचडीत, काकडीच्या कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात. ‘कोशिंबीर खाल्ली’ एवढंच सांगितलंस तर डॉक्टर काकडी आणि दह्यामागे लागतील. चटणीतले तीळ, रश्श्यातलं खोबरं, पाहुण्यांसाठी केलेल्या भाजीतली काजूची पेस्ट, सगळं नोंदव. पाकीटबंद खाऊ असेल तर वेष्टनाचा फोटो ठेव.

कातडीवरच्या तपासणीआधी सेट्रिझिनसारखी खाजेची औषधं साधारण आठवडाभर बंद ठेवावी लागतात. किती दिवस, ते डॉक्टरांना नीट विचार. सर्दी-खोकल्याच्या सिरपमध्येही त्याच जातीचं औषध असतं, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही आणि खेप फुकट जाते. दम्याचा पंप मात्र आपल्या मनाने बंद करायचा नाही. खाजेचं औषध थांबवणं शक्यच नसेल तर रक्ताची तपासणी करतात, तिला औषधाची आडकाठी नाही. नुकतीच मोठी रिअ‍ॅक्शन येऊन गेली असेल तर कातडीची तपासणी साधारण महिनाभर तरी पुढे ढकलतात, कारण तेवढ्या काळात ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. त्या दिवशी सकाळी तेलाचं मालीश आणि क्रीम नको, पाठ कोरडी हवी.

तपासणीला म्हणावं तितकं दुखत नाही. पाठीवर किंवा हातावर थेंब ठेवतात, वरून हलकं टोचतात, पंधरा-वीस मिनिटं थांबतात. एक थेंब हिस्टामिनचा असतो. तिथे फुगवटा यायलाच हवा, तो बघून घाबरू नकोस. एक नुसत्या सलाइनचा, तिथे काही येता कामा नये. सलाइनपेक्षा निदान तीन मिलिमीटर मोठा फुगवटा आला तर पॉझिटिव्ह धरतात. खाजवू नये म्हणून हात धरावे लागतील, तेव्हा त्याचं आवडतं चित्रांचं पुस्तक बरोबर ठेव. ‘टोचणार नाहीत’ असं मात्र त्याला सांगू नकोस. पुढच्या खेपेला तो तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं ऐक. पॉझिटिव्ह म्हणजे अ‍ॅलर्जी आहेच, असं नाही. शरीराने त्या पदार्थाची ओळख धरली आहे, एवढंच ती तपासणी सांगते. फुगवटा मोठा असेल तर अ‍ॅलर्जीची शक्यता जास्त, पण रिअ‍ॅक्शन किती जोराची येईल ते त्यावरून कळत नाही. जो पदार्थ तो रोज खातो आणि ज्याने त्याला काही होत नाही, तो नुसत्या कागदावरून बंद करायचा नाही. शंभर-शंभर पदार्थांची पॅकेजं निघाली आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नकोस. आयजीजीच्या तपासण्या तर अ‍ॅलर्जी ओळखायला कामाच्याच नाहीत. अशा रिपोर्टांपायी गहू, दूध, डाळ, अंडं सगळं तोडलेली, हातापायाच्या काड्या झालेली मुलं मी पाहिली आहेत. फार जीव तुटतो. शिवाय चालत असलेला पदार्थ उगाच दीर्घकाळ तोडला तर पुढे त्याची खरी अ‍ॅलर्जी उद्भवू शकते. लंडनच्या डॉक्टरांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला मोठा अभ्यास आहे: धोका जास्त असलेल्या ज्या बाळांना पहिल्या वर्षातच शेंगदाण्याचे पदार्थ सुरू केले आणि पुढेही देत राहिले, त्यांच्यात शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी खूपच कमी निघाली. आधीपासून एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या बाळांना मात्र आधी डॉक्टरांना विचारूनच दाणे सुरू करायचे. आणि अख्खा दाणा लहान मुलाला कधीच नाही, तो घशात अडकतो.

शंका उरली तर डॉक्टर रुग्णालयात ठेवून तो पदार्थ कणाकणाने वाढवत खायला देतात. खरा निकाल तोच. ‘थोडं चाटवून बघू’ हा प्रयोग घरी कुणालाही करू देऊ नकोस.

दुधाची अ‍ॅलर्जी ठरली तर शेळीच्या दुधाचा सल्ला दहाजण देतील. घेऊ नकोस. गाय, म्हैस, शेळी यांच्या दुधातली प्रथिनं एकमेकांसारखी असतात. त्याऐवजी काय द्यायचं, कॅल्शियम कुठून मिळवायचं, ते त्याच भेटीत लिहून घे. अंड्याची अ‍ॅलर्जी निघाली तरी गोवर-रुबेलाची लस चुकवायची नाही.

श्वास लागला, आवाज बसला, मूल एकाएकी गळून गेलं, तर खाजेच्या सिरपवर विसंबू नकोस. तिथे अ‍ॅड्रेनलिनच लागतं, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत. घरी काय ठेवायचं, किती आणि कसं टोचायचं, जवळच्या कुठल्या रुग्णालयात जायचं, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घे. तशी वेळ आलीच तर १०८ला फोन लाव, त्याला आडवं निजव. श्वास घ्यायला त्रास होत असेल तर मांडीवर बसतं ठेव, पण उभं करून खांद्यावर घेऊन धावू नकोस. त्या कागदाची एक प्रत पाळणाघरात दे.

डॉक्टरांकडे जाताना सासूबाईंना बरोबर ने. दिवसभर त्याच त्याला भरवतात. तुझ्या तोंडून ऐकलं तर त्यांना सुनेची नवी खुळं वाटतील. डॉक्टरांना त्या स्वतः चार प्रश्न विचारतील, तर संक्रांतीला शेजारून आलेला तिळाचा लाडू त्याच वरच्या फळीवर ठेवतील. दूध आणि अंड्याची अ‍ॅलर्जी बऱ्याच मुलांची वाढत्या वयात जाते. तेव्हा निघताना पुढच्या तपासणीचा महिनाही विचारून घे.